लिव्हर रूलचं उत्तर आणि सूक्ष्मदर्शकातलं चित्र जुळत नाही: युटेक्टिक मिश्रधातूंसाठी तपासणी

युटेक्टिक फेज डायग्राम, म्हणजे कुठल्या तापमानाला मिश्रधातूत कुठली फेज (एकजिनसी द्रव किंवा घन) असते ते दाखवणारा आलेख, शिकणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. लिव्हर रूल (फेजचं प्रमाण काढायचा तरफेचा नियम) लावला, आकडेमोड दोनदा तपासली, नमुना ओतून, घासून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि तिथे भलतंच दिसलं. प्राथमिक डेंड्राइट (आधी गोठलेले, झाडासारखे फाटे फुटलेले स्फटिक) हिशेबापेक्षा कमी भरतात, किंवा ज्या मिश्रधातूत युटेक्टिक (सर्वांत कमी तापमानाला शेवटी गोठणारं मिश्रण) असायलाच नको तिथे ते दाण्यांच्या सीमांवर पसरलेलं असतं. शिसे-कथिलाचा शीतलन वक्र, म्हणजे गार होतानाचा तापमान-वेळ आलेख, काढला तर १८३ अंशांवर यायला हवा तो थांबा काही अंश खालीच येतो. मग कुणी डायग्रामला दोष देतं, कुणी नमुन्याला, आणि पुढच्या बॅचला तेच पुन्हा होतं.

डायग्राम बरोबर असतो आणि बहुतेक वेळा नमुनाही खोटं बोलत नसतो. गडबड होते ती दोघांना एकच प्रश्न विचारला आहे असं गृहीत धरल्यामुळे. डायग्राम समतोलात कुठली फेज वजनाने किती ते सांगतो. सूक्ष्मदर्शक दाखवतो रचना, तीही आकारमानाने, आणि ती घडलेली असते समतोलाला वेळ न मिळता. हे फरक एकेक करून वेगळे काढले की बहुतेक कोडी सुटतात. मी खाली शिसे-कथील घेतलंय, कारण त्याचे आकडे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत: शुद्ध शिसे ३२७.५° से. ला वितळतं, शुद्ध कथील २३१.९° ला, युटेक्टिक ६१.९ टक्के कथिलावर आणि १८३° ला. त्या तापमानाला अल्फा, म्हणजे शिशाच्या स्फटिकात, जास्तीत जास्त १८.३ टक्के कथील मावतं. बीटामध्ये, म्हणजे कथिलाच्या स्फटिकात, ९७.८ टक्के कथील असतं, उरलेलं २.२ टक्के शिसे. हे सगळे टक्के वजनाचे.

आधी कागदावरचं तपासा

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून इथे वेळ घालवणं परवडतं. युटेक्टिक ही फेज नाही. ती अल्फा आणि बीटा यांची एकमेकांत विणलेली रचना आहे. त्यामुळे ‘अल्फा किती?’ आणि ‘प्राथमिक अल्फा किती?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या टाय लाइनवरून (एका तापमानाला दोन फेज जोडणाऱ्या आडव्या रेषेवरून) येतात.

४० टक्के कथिलाची १०० ग्रॅम मिश्रधातू घ्या. ती हळूहळू गार करत १८३° च्या किंचित वर थांबा. या क्षणी टाय लाइन १८.३ पासून ६१.९ पर्यंत जाते. अल्फाचा वाटा (६१.९ − ४०) भागिले (६१.९ − १८.३), म्हणजे ५०.२ ग्रॅम. उरलेलं ४९.८ ग्रॅम द्रव आहे आणि त्यातलं कथिलाचं प्रमाण नेमकं युटेक्टिकचं. हा द्रव पुढे गोठला की त्याचंच युटेक्टिक होणार. म्हणून रचनेचा प्रश्न इथेच, १८३ च्या किंचित वर सोडवायचा: प्राथमिक अल्फा ५०.२ टक्के, युटेक्टिक ४९.८ टक्के.

आता १८३ च्या किंचित खाली या. द्रव संपला, टाय लाइन १८.३ पासून थेट ९७.८ पर्यंत गेली. एकूण अल्फा (९७.८ − ४०) भागिले ७९.५, म्हणजे ७२.७ ग्रॅम, आणि बीटा २७.३ ग्रॅम. अल्फा ५०.२ वरून एकदम ७२.७ कशी झाली? युटेक्टिकच्या पोटात जी २२.५ ग्रॅम अल्फा पापुद्र्यापापुद्र्याने बसली आहे ती यात धरली गेली, म्हणून. सूक्ष्मदर्शकाखाली मोठे गडद ठिपके मोजून त्याची तुलना ७२.७ शी करणारे खूप जण भेटतात. तुलना ५०.२ शी व्हायला हवी, आणि तीही एका दुरुस्तीनंतर. त्या दुरुस्तीकडे मी येतोच.

कुठलंही उत्तर लिहिण्याआधी कथिलाचा ताळा करून पाहा. ७२.७ ग्रॅम अल्फात १८.३ टक्के दराने १३.३ ग्रॅम कथील, २७.३ ग्रॅम बीटात ९७.८ टक्के दराने २६.७ ग्रॅम. बेरीज ४०. ताळा जमला नाही तर तरफेचे हात उलटे धरले गेलेत, म्हणजे अल्फासाठी अल्फाच्याच बाजूचा हात घेतलाय. ही चूक पकडायला याहून सोपा उपाय नाही, आणि अर्ध्या मिनिटात होतो.

तुमच्या समोरचा डायग्राम अणुटक्क्यांत आहे की वजनाच्या टक्क्यांत, हेही बघा. अनेक डायग्रामांवर एक अक्ष खाली आणि दुसरा वर छापलेला असतो. अणुटक्क्यांत युटेक्टिक ७३.९ ला येतं आणि अल्फाची मर्यादा २८.१ ला. वजनाने ४० टक्के असलेली मिश्रधातू अणुटक्क्यांत ५३.८ वर बसते. तिला चुकून त्या अक्षावर ४० ला बसवलं तर प्राथमिक अल्फा ७४ टक्के निघते. ५० च्या जागी ७४! उत्तर इतकं लांब गेलं असेल तर नमुन्याला हात लावण्याआधी अक्ष तपासावा.

दोन पुस्तकांतले आकडे वेगळे दिसले तर मात्र घाबरू नका. काही ठिकाणी १८.३ आणि ९७.८ दिलेलं असतं, काही ठिकाणी १९ आणि ९७.५. वरच्याच उदाहरणात त्याने प्राथमिक अल्फा ५०.२ ऐवजी ५१ होते. एवढा फरक मोजमापाच्या चुकीतच बुडून जातो.

गणितात राहून जाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तापमान. १८३ च्या खालीही कहाणी चालूच असते. अल्फात मावणारं कथील झपाट्याने कमी होत जातं. १५०° ला ते ११ टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्या तापमानाला आपल्या मिश्रधातूत एकूण अल्फा ७२.७ वरून ६७ टक्क्यांवर उतरते. सुटलेलं कथील बीटा होऊन बाहेर पडतं, बरंचसं प्राथमिक अल्फाच्या आतच. म्हणून गडद डेंड्राइटमध्ये बारीक पांढरे कण दिसले तर तो पॉलिशचा दोष समजू नये. फेजचा प्रश्न असेल तर ज्या तापमानाबद्दल विचारलंय त्याच तापमानाची टाय लाइन घ्या. रचनेचा असेल तर १८३ च्या किंचित वरचीच.

वजन आणि आकारमान

आता ती दुरुस्ती. सूक्ष्मदर्शकाखाली तुम्ही क्षेत्रफळ मोजता. यादृच्छिक छेदावर क्षेत्रफळाचा वाटा म्हणजे आकारमानाचा वाटा. लिव्हर रूल देतो वजनाचा वाटा. शिशाची घनता ११.३४ आणि कथिलाची ७.२९ ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणजे या जोडीत हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

१८.३ टक्के कथील असलेल्या अल्फाची घनता साधारण १०.३ येते आणि युटेक्टिकची ८.४४. ५०.२ ग्रॅम अल्फाची जागा ४.८८ घन सेंमी, ४९.८ ग्रॅम युटेक्टिकची ५.९०. म्हणजे आकारमानाने प्राथमिक अल्फा ४५.३ टक्के. सगळं काही आदर्श असतानाही सूक्ष्मदर्शकाखाली ५० च्या जागी ४५ दिसणार. ‘माझ्या नमुन्यात अल्फा पाच टक्क्यांनी कमी आहे’ ही तक्रार बऱ्याच वेळा इथेच संपते.

मोजताना जाळीचे बिंदू मोजण्याची पद्धत वापरा आणि एकाच दृश्यावर विसंबू नका. नायटलने (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) एच केल्यावर, म्हणजे पृष्ठभाग हलका खाऊ दिल्यावर, शिशाची बाजू गडद आणि कथिलाची उजळ दिसते. सौम्य विशालनावर युटेक्टिकचे पापुद्रे वेगळे दिसत नाहीत, सगळं राखाडी वाटतं. विशालन वाढवून ते राखाडी खरंच पट्टेदार आहे ना, याची खात्री केल्यावरच मोजायला बसा. हे धातू फार मऊ आहेत. पॉलिश करताना वरचा थर फासला जातो आणि कागदाचे अपघर्षक कण त्यात रुततात. हलका दाब, भरपूर पाणी आणि पॉलिश-एच-पॉलिश असं आलटूनपालटून केलं तर खरी रचना वर येते. घासणं ओलंच ठेवा, शिशाची धूळ श्वासात जाऊ देऊ नका, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

नमुना कुठून कापला, याचीही नोंद हवी. या मिश्रधातूत प्राथमिक अल्फा भोवतीच्या द्रवापेक्षा जड असते आणि सावकाश गार होताना ती मुशीच्या तळाकडे बसते. तळाचा तुकडा आणि वरचा तुकडा वेगळे आकडे देतात. एकच छेद घ्यायचा असेल तर उभा घ्या आणि वरपासून खालपर्यंत मोजा.

नको तिथे युटेक्टिक

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथली गैरसमजूत प्रयोगशाळेबाहेर नुकसान करते.

१५ टक्के कथिलाची मिश्रधातू घ्या. डायग्राम सांगतो की ती अल्फामध्येच पूर्ण गोठणार, १८३ ची रेषा तिला लागतच नाही. प्रत्यक्षात ओतलेल्या नमुन्यात दाण्यांच्या सीमांवर युटेक्टिक दिसतं. मिश्रधातू चुकीची तोलली गेली का? बहुधा नाही. गोठताना पहिला घन कथिलाने गरीब असतो आणि द्रव श्रीमंत होत जातो. समतोलासाठी आधीच्या घनात कथील मागाहून शिरायला हवं, पण घनातलं विसरण, म्हणजे अणूंचं सरकणं, इतकं मंद असतं की त्याला वेळच मिळत नाही. द्रव कथिलाने भरत भरत शेवटी ६१.९ ला पोचतो आणि युटेक्टिक म्हणून गोठतो. डेंड्राइटचा गाभा आणि कडा यांच्यातलं कथिलाचं प्रमाण वेगळं राहतं. यालाच कोअरिंग म्हणतात.

किती युटेक्टिक येऊ शकतं याची वरची मर्यादा शाइलच्या समीकरणाने निघते. त्यात घनात विसरण शून्य आणि द्रव पूर्ण मिसळलेला असं धरतात. घन आणि द्रव यांच्यातलं वाटपाचं गुणोत्तर १८.३ भागिले ६१.९, म्हणजे ०.२९६ घेतलं तर १५ टक्क्यांच्या मिश्रधातूत १३ टक्क्यांच्या आसपास युटेक्टिक येतं. डायग्रामचं उत्तर शून्य. तुमचा नमुना या दोघांच्या मध्ये कुठेतरी असणार, आणि गार करण्याचा वेग जितका जास्त तितका तो १३ कडे सरकणार.

कारण खरंच कोअरिंग आहे का, हे तपासायची खात्रीची रीत आहे. नमुना १७५° वर बराच वेळ ठेवा. १५ टक्क्यांची मिश्रधातू तिथे सॉल्व्हसच्या (अल्फात किती कथील मावतं ते दाखवणाऱ्या रेषेच्या) वर आणि युटेक्टिकच्या खाली आहे, म्हणजे समतोलात निव्वळ अल्फा. ती खिडकी अरुंद आहे, तेव्हा भट्टीचं तापमान विश्वासू असायला हवं. त्यानंतर पाण्यात गार करून पुन्हा पाहा. सीमांवरचं युटेक्टिक आक्रसलं किंवा नाहीसं झालं तर कोअरिंगच होतं. जसंच्या तसं राहिलं तर मग तोलण्याचा संशय घ्या.

हीच गोष्ट अॅल्युमिनियम-तांब्यात महागात पडते. तिथे युटेक्टिक ५४८° ला, ३३ टक्के तांब्याच्या आसपास, आणि अॅल्युमिनियममध्ये तांबं जास्तीत जास्त ५.६५ टक्के मावतं. ४.५ टक्के तांब्याच्या ओतीव भागाचा सॉलिडस (वितळणं सुरू होण्याचं तापमान) डायग्रामवर ५७० च्या घरात दिसतो, म्हणून कुणीतरी उष्णोपचाराची भट्टी ५५५ ला लावतो. पण त्या भागात कोअरिंगमुळे आलेलं युटेक्टिक असतं आणि ते ५४८ लाच वितळतं. दाण्यांच्या सीमा आतून वितळतात, गार झाल्यावर तिथे पोकळ्या आणि ठिसूळ जाळं उरतं. बाहेरून भाग धडधाकट, आतून गेलेला, आणि पुन्हा उष्णोपचार करून तो सावरता येत नाही. उपाय ठरलेला आहे: आधी ५४८ च्या खाली पुरेसा वेळ ठेवून ते युटेक्टिक विरघळवायचं, मगच तापमान वर न्यायचं. ओतीव मालासाठी भट्टीची मर्यादा ठरवताना सॉलिडसची रेषा पाहू नका, युटेक्टिकची आडवी रेषा पाहा.

उलट प्रकारही होतो. नेमकी युटेक्टिक रचना तोलून घेतली तरी डेंड्राइट दिसतात. झपाट्याने गार केलेल्या किंवा खूप अधिशीतन झालेल्या (गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेल्या) द्रवात दोन्ही फेज बरोबरीने वाढत नाहीत, एक पुढे पळते. अॅल्युमिनियम-सिलिकॉनमध्ये हे ठळक दिसतं. युटेक्टिक ५७७° ला, १२.६ टक्के सिलिकॉनवर. त्यात थोडं सोडियम किंवा स्ट्रॉन्शियम टाकलं की सिलिकॉनच्या जाड पत्र्यांऐवजी बारीक तंतू येतात आणि १३ टक्के सिलिकॉन असूनही अॅल्युमिनियमचे डेंड्राइट उगवतात. सोडियमचा हा परिणाम अलादार पात्स यांच्या १९२१ च्या पेटंटमधून पुढे आला.

शीतलन वक्राचा थांबा खाली येतो

थांबा १८३ च्या खाली आला तर आधी वक्राचा आकार पाहा. तापमान खाली बुडून पुन्हा वर चढतंय का? तसं असेल तर ते अधिशीतन आहे. कथिलाला केंद्रक मिळायला वेळ लागतो, द्रव १८३ च्या खाली जाऊनही द्रवच राहतो, आणि गोठणं सुरू झालं की सुटलेली उष्णता तापमान वर आणते. वाचायचा आकडा चढून आल्यानंतरच्या सपाटीचा असतो, खड्ड्याचा नाही. वितळलेला धातू सावकाश ढवळत राहिलात तर खड्डा बराच उथळ होतो.

खड्डा नाही आणि सपाटीच खाली आहे, तर थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) तपासा. साध्या के-टाइप थर्मोकपलला या टप्प्यात २.२ अंशांची चूक मान्यच असते. त्याच मुशीत, त्याच खोलीवर शुद्ध कथिलाचा थांबा घ्या. तो २३१.९ ला यायला हवा. जितका फरक निघेल तितका दुरुस्त करा. थर्मोकपलचं टोक धातूत खोल नसेल तर दांड्यातून उष्णता निघून जाते आणि आकडा कमीच येतो.

सपाटी उतरती असेल तर मात्र मला भेसळीचा संशय येतो. गिब्जच्या नियमाने, स्थिर दाबाखाली, मोकळीक (स्वतंत्रपणे किती गोष्टी बदलता येतात ती संख्या) म्हणजे घटक वजा फेज अधिक एक. दोन घटक आणि तीन फेज, म्हणजे मोकळीक शून्य: द्रव संपेपर्यंत तापमान हलूच शकत नाही. तिसरा घटक शिरला की मोकळीक एक होते आणि थांबा घसरू लागतो. भंगारातून आलेल्या सोल्डरमध्ये बिस्मथ असेल तर ९६° च्या आसपास आणखी एक छोटा थांबाही दिसू शकतो. ते शिसे-कथील-बिस्मथचं त्रिघटकी युटेक्टिक. म्हणून लेखणी १५० लाच थांबवू नका, वक्र ८० पर्यंत जाऊ द्या.

लिक्विडसचा, म्हणजे गोठणं सुरू होण्याचा, बाक, आपल्या ४० टक्क्यांच्या मिश्रधातूसाठी २३८ च्या आसपास, डोळ्याला नीट दिसत नाही. तापमान बदलण्याचा वेग काढून त्याचा आलेख घातला की तो स्पष्ट होतो. आणि युटेक्टिकचा थांबा किती वेळ टिकला, हेही लिहून ठेवा. वस्तुमान आणि गार करण्याची पद्धत सारखी ठेवली तर तो वेळ युटेक्टिकच्या प्रमाणात असतो. गुस्ताव टामान यांनी याच वेळेचा मिश्रधातूतल्या घटकाच्या प्रमाणाशी आलेख मांडला. त्याचा त्रिकोण होतो, शेंडा युटेक्टिक रचनेवर आणि पायाची टोकं घनविद्राव्यतेच्या मर्यादांवर. पायाची टोकं १८.३ च्या बरीच अलीकडे सरकलेली दिसली तर ते पुन्हा कोअरिंगच.

कारणं वेगळी काढण्यासाठी दोन नमुने

४० टक्क्यांच्या नमुन्यात प्राथमिक अल्फा कमी दिसली तर त्याला दोन कारणं असू शकतात, आकारमानाची दुरुस्ती आणि कोअरिंग, आणि एकट्या नमुन्यावरून ती वेगळी करता येत नाहीत. म्हणून सोबत ८० टक्के कथिलाचा एक नमुना ओता, त्याच साच्यात, त्याच वेगाने.

८० टक्क्यांवर प्राथमिक फेज बीटा असते. वजनाने ५०.४ टक्के. ती युटेक्टिकपेक्षा हलकी असल्याने आकारमानाने ५३.८ टक्के, म्हणजे इथे दुरुस्ती वर जाते. आणि बीटात शिसे जवळजवळ मावतच नसल्याने विसरण न झाल्याचा फटकाही नगण्य: शाइलने युटेक्टिक ४९.६ वरून फक्त ५०.५ होतं. ४० टक्क्यांच्या नमुन्यात मात्र तेच ४९.८ वरून ५३.८ पर्यंत जाऊ शकतं.

तेव्हा आधी ८० चा नमुना मोजा. तिथे ५४ च्या जवळपास आलं तर तुमची पॉलिश, एच आणि मोजणी ठीक आहे. मग ४० च्या नमुन्यात ४५ च्या खाली जितकं कमी येईल, ते बहुतांशी गार करण्याच्या वेगाच्या खात्यावर टाका आणि पुढचा नमुना भट्टीतच, जास्त सावकाश गार करून पाहा. ८० च्या नमुन्यातच आकडा बिघडला असेल तर डायग्रामकडे वळू नका. तिथे तोलणं, ढवळणं किंवा पॉलिश यांपैकी काहीतरी चुकलंय.